मुलीसाठी पहिली रायफल: साठ हजारांत काय घ्यावे?

प्रश्न – द्राक्षबागायतदार, तासगाव

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. एन.सी.सी.च्या शिबिरात तिने पहिल्यांदा रायफल हाती घेतली आणि तेव्हापासून तिला नेमबाजीचा ध्यास लागला आहे. सध्या ती सांगलीतील एका केंद्रात 10 मीटर एअर रायफलचा सराव करते. परंतु तेथे एकच रायफल चार-पाच मुलांत फिरते आणि प्रत्येक मुलाच्या उंचीप्रमाणे तिचे स्क्रू ढिले-घट्ट करण्यातच बराच वेळ जातो. त्यामुळे आता स्वतःची रायफल घ्यावी, असे आम्ही ठरवले आहे. यंदाच्या बेदाण्याच्या पैशांतून 60 हजार रुपये मी त्यासाठी बाजूला ठेवले असून त्यापुढे जाणे या वर्षी तरी शक्य नाही.

माझा भाचा म्हणतो की घ्यायचीच तर सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यावी, म्हणजे दर वेळी भरत बसावे लागत नाही. एका दुकानदाराने वर दुर्बीण बसवलेली, दिसायला भक्कम अशी रायफल दाखवली आणि ती 60 हजारांत बसते. तिसरा पर्याय म्हणजे एका ओळखीच्या पालकांकडे त्यांच्या मुलाने वापरलेली जुनी जर्मन मॅच रायफल आहे आणि ते ती 55 हजारांना द्यायला तयार आहेत. परवान्याचे नेमके काय, आणि या तिन्हींपैकी कोणत्या वाटेने जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त सुभेदार, सातारा

दादा, सेमी-ऑटोमॅटिकचा विचार सर्वप्रथम मनातून काढून टाका. फौजेत आम्ही 7.62 मि.मी.ची एस.एल.आर. म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल वापरली, ती याच प्रकारची. गोळी सुटताना नळीतील वायूचा थोडा भाग मागे वळवला जातो, त्याच्या दाबाने रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढचे आपोआप चेंबरमध्ये बसते. आपण फक्त पुन्हा ट्रिगर दाबायचा. रणांगणावर या गुणाला मोल आहे. परंतु शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांच्या चौकटीत अशी लष्करी धर्तीची रायफल सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे तो मार्ग कायद्यानेच बंद आहे.

शिवाय ज्या खेळासाठी आपण रायफल घेत आहात, त्या खेळात तिचा उपयोगही नाही. 10 मीटर आणि 50 मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक फैरीपूर्वी हाताने एकच छर्रा किंवा एकच गोळी भरावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघा टेकून, झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले, तेही एकेक गोळी भरूनच. आपल्या मुलीच्या प्रकारात 60 छर्ऱ्यांसाठी सव्वा तासाचा अवधी मिळतो, म्हणजे घाई नाहीच. रायफल स्टँडवर टेकवायची, श्वास सावरायचा, पाय जमिनीवर नीट रोवले आहेत का ते पाहायचे आणि मग पुढचा छर्रा भरायचा, अशी या खेळाची शिस्त आहे, आणि तीच भाच्याला कंटाळवाणी वाटते आहे.

परवान्याबद्दल: 4.5 मि.मी. म्हणजे .177 बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल घेण्यासाठी शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या मॅच रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ती या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. दुकानदाराने दाखवलेल्या रायफलीचा बोअर आणि ऊर्जा मात्र कागदावर लिहून मागा; .22 बोअरची एअर रायफल असेल तर ती या सवलतीत येत नाही. खरेदी आपल्या नावाने करा आणि बिल कायम केसमध्ये ठेवा, कारण एस.टी.ने किंवा मोटारीने जाताना नाक्यावर कोणी विचारले तर तोंडी खुलाशापेक्षा कागद उपयोगी पडतो.

उत्तर – नेमबाजी प्रशिक्षिका, मिरज

सुभेदार साहेबांनी कायद्याची बाजू स्पष्ट केली आहे, म्हणून मी फक्त निवडीबद्दल लिहिते, आणि जरा सविस्तर लिहिते, कारण याच टप्प्यावर पालकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जाताना मी वारंवार पाहते.

दुर्बीण बसवलेली रायफल घेऊ नका. 10 मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. ती काढून टाकली तरी अशा रायफलीचा स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता, प्रौढ पुरुषाच्या मापाचा आणि न बदलणारा असतो, आणि मूळ अडचण तिथेच आहे. मुलगी स्टँडिंग पोझिशनमध्ये उभी राहते तेव्हा डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि रायफलचे वजन स्नायूंऐवजी हाडांच्या सांगाड्यावरून जमिनीत उतरते. स्टॉक लांब असेल तर उजवा खांदा मागे खेचला जातो, कंबर बाजूला झुकते आणि साइट (नेम धरण्याचे साधन) डोळ्याजवळ यावी म्हणून मान पुढे काढावी लागते. गालाचा आधार खाली असेल तर डोके कलंडते. वीस मिनिटांत मान भरून येते आणि मग मुलगी ट्रिगर दाबण्याची घाई करू लागते. पालकांना वाटते की एकाग्रता कमी पडते आहे. म्हणून बटप्लेट, म्हणजे स्टॉकची खांद्याला टेकणारी पट्टी, मागेपुढे आणि वरखाली सरकते का, गालाचा आधार उचलता येतो का, हे मी कंपनीच्या नावाच्याही आधी पाहते. वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो असली तरी नववीतल्या मुलीला त्याच्या जवळपासही जाण्याची गरज नाही. चार किलोच्या आसपासची रायफल तिला पुरे.

दुसरी गोष्ट ट्रिगरची. मॅच रायफलचा ट्रिगर अतिशय हलका असतो, त्याचा पहिला टप्पा कोठे संपतो हे बोटाला स्वच्छ कळते आणि त्यानंतर अगदी जरासा दाब पुरतो. स्वस्त रायफलीचा ट्रिगर ओढताना खरखरतो आणि केव्हा सुटेल याचा भरवसा नसतो. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आहे. 4.5 मि.मी.च्या छर्ऱ्याची कड त्याला लागली तरी दहा गुण मिळतात, म्हणजेच छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. त्यापुढे दशांश गुणांसाठी दर पाव मिलिमीटरचा हिशेब असतो. एवढ्या बारीक कामात ट्रिगर ओढताना मनगट हलले, तर बाकीचे सगळे कौशल्य वाया जाते. त्याच कारणाने स्प्रिंगची रायफलही मी सुचवणार नाही. तिचा पिस्टन पुढे धावून थांबतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो, आणि त्या धक्क्याने नेम हलतो. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत, जिला आपण पी.सी.पी. म्हणतो, हा धक्का जवळजवळ नसतो.

तिसरे म्हणजे आपली मुलगी ओपन साइटमध्ये (उघड्या खाचेतून नेम) खेळणार की पीप साइटमध्ये (बारीक छिद्रातून नेम), हे प्रशिक्षकांना विचारा. आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइटचा गट वेगळा असतो आणि त्यासाठी भारतीय बनावटीची पी.सी.पी. रायफल आपल्या रकमेत बसू शकते. नवोदित मुलीच्या पहिल्या दोन हंगामांसाठी मी हा मार्ग मनापासून मान्य करते. ऑलिंपिकचा प्रकार मात्र पीप साइटचा. नवी जर्मन मॅच रायफल दोन लाखांच्या वर जाते, त्यामुळे तिकडे वळायचे तर वापरलेली रायफल हाच मार्ग उरतो. म्हणून 55 हजारांची ती रायफल झटकन नाकारू नका, पण झटकन घेऊही नका. तिचे साल, हवेच्या सिलिंडरवरची तारीख आणि स्टॉकचे माप येथे कळवा.

प्रश्नकर्ते – तासगाव

ताई, आपले उत्तर मुलीला वाचून दाखवले. मान भरून येते हे तिने लगेच मान्य केले. प्रशिक्षक म्हणाले की तिला पीप साइटमध्येच पुढे न्यायचे आहे. काल ती रायफल पाहून आलो. बटप्लेट आणि गालाचा आधार दोन्ही हलतात. सिलिंडरवर 2012 साल कोरलेले आहे. पालक म्हणाले की हवा अजून टिकते आणि कधीच त्रास झाला नाही.

उत्तर – एका नेमबाजाचे वडील, कराड

दादा, हवा टिकणे आणि सिलिंडर सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नळकांड्यात 200 बारपर्यंत दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळपास शंभर पट, आणि नेम धरताना मुलीचा चेहरा त्यापासून हातभर अंतरावर असतो. अनेक उत्पादक सिलिंडरची मुदत दहा वर्षे ठरवतात. सिलिंडर मुदतीत आहे की नाही याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमांनुसार खेळाडूवर असते, त्यामुळे 2012 चे सिलिंडर घेऊन स्पर्धेला जाता येणार नाही. आम्ही आमच्या मुलासाठी वापरलेली रायफल घेतली, तेव्हा आधी त्याच मॉडेलच्या नव्या सिलिंडरची किंमत विक्रेत्याकडून लेखी मागवली आणि ती रक्कम मालकाने सांगितलेल्या किमतीतून वजा करून बोलणी केली. मालक भले असतील तर ऐकतात. न ऐकल्यास व्यवहार सोडून द्यावा.

आणखी एक. हवा भरण्याची सोय केंद्रात मोठ्या सिलिंडरवरून असेल तर उत्तम. हातपंप घेतलात तर त्याला ओलावा अडवणारा फिल्टर हवाच. पावसाळ्यात आमच्या कराडकडील दमट हवा आत गेली की गंज धरतो. आणि भरण्याच्या जोडावर शिलाई मशीनचे किंवा कसलेही खनिज तेल लावू नका. उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकते. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस चालते.

उत्तर – नेमबाजी प्रशिक्षिका, मिरज

कराडच्या दादांशी मी पूर्ण सहमत आहे. मालकांनी नव्या सिलिंडरइतकी रक्कम किमतीतून कमी केली तर ही रायफल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चांगल्या मॅच रायफलीची नळी बारा-तेरा वर्षांत झिजत नाही. शिशाचा मऊ छर्रा तिचे फारसे काही बिघडवत नाही. झिजतात ती सील आणि वॉशर, आणि ती बदलता येतात.

पैसे देण्यापूर्वी रायफल केंद्रात आणायला सांगा. प्रशिक्षकांकडून ती टेबलावर टेकवून, एकाच डब्यातले चपट्या तोंडाचे मॅच छर्रे वापरून, दहा-दहा छर्ऱ्यांचे दोन ग्रुप मारून घ्या. भोके एकमेकांत मिसळून एकच भोक दिसले, तर रायफल निरोगी आहे. ग्रुप उभ्या रेषेत पसरला तर छर्ऱ्याचा वेग कमी-जास्त होतो आहे आणि रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा सील पाहावे लागेल. त्यानंतर मुलीला नेमबाजीचे जॅकेट घालून रायफल धरायला लावा आणि आपण बाजूने पाहा: डोके सरळ राहून डोळा पीपसमोर आपोआप आला पाहिजे. या चाचणीसाठी पुरेसा वेळ द्या, शक्य झाल्यास दोन वेगवेगळ्या दिवशी ती करा.

रायफलीत सगळे 60 हजार घालू नका. तिच्या मापाचे जॅकेट आणि सपाट तळव्याचे बूट यांसाठी निदान पंधरा हजार राखून ठेवा, आणि मालकांशी किमतीची बोलणी करताना हाही हिशेब धरा. पॅन्ट पुढच्या वर्षी घेतली तरी चालते. छर्ऱ्यांचा खर्च वर्षभर चालतो, तो कमी करण्यासाठी घरी भिंतीवर छोटे टार्गेट लावून ड्राय फायरचा, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा, सराव द्या, मात्र त्या रायफलीत ड्राय फायरची सोय आहे याची खात्री करून. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तिने जेवणाचा डबा उघडून खाऊ नये, याकडे आपण स्वतः लक्ष द्या.

मालकांशी बोलणी फिसकटली तर मला येथे कळवा. कोल्हापूर आणि सांगली परिसरातली मुले बारावीनंतर खेळ सोडतात तेव्हा त्यांच्या रायफली विक्रीला येतात. मुदतीतल्या सिलिंडरची एखादी आली की मी आपल्याला लगेच सांगेन. तोपर्यंत केंद्रातल्या रायफलीवर तिच्या मापाच्या खुणा टेपने करून ठेवा, म्हणजे रोज स्क्रू जुळवण्यात जाणारा वेळ वाचेल.