रात्रपाळीनंतर दिवसा झोप पुरी होत नाही

प्रश्न (अधिपरिचारिका, नाशिक):
माझी रात्रपाळी आठ ते आठ असते. हँडओव्हर देऊन घरी पोहोचेपर्यंत दहा वाजतात. अंग गळून गेलेले असूनही दुपारी एकच्या सुमारास जाग येते आणि मग डोळा लागत नाही. पित्ताचा त्रास वाढला आहे, मासिक पाळीही पुढेमागे होते. झोपेची गोळी न घेता काही करता येईल का?

प्रतिसाद (डॉक्टर):
थकव्याने झोप लागते खरी, पण ती किती टिकेल हे शरीरातील दिवसरात्रीचे चक्र ठरवते. उजेडाने मेलॅटोनिन हे झोपेचे संप्रेरक घटते आणि दुपारकडे शरीराचे तापमान चढत जाते, म्हणून दिवसाची झोप लवकर मोडते. परतताना काळा चष्मा लावा आणि खोलीत जाड पडदे ठेवा. चहा रात्री दोननंतर घेऊ नका, कारण निम्मे कॅफिन शरीराबाहेर जायलाच सुमारे ५ तास लागतात. भरपेट जेवण ड्युटीपूर्वी करावे, मध्यरात्री हलके खावे. पाळीच्या तक्रारीचे खापर मात्र परस्पर ड्युटीवर फोडू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रतिसाद (निवृत्त परिसेविका):
पडदे लावून काय होणार, जर अकराला कुरिअरवाला बेल वाजवणार असेल आणि बाराला कोणी "उठलीस का, जरा भाजी चिरून दे" म्हणणार असेल? दिवसा झोपलेल्या बाईकडे आळशी म्हणून पाहणे आधी घरात थांबायला हवे, आणि हे नवऱ्याने घरच्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसरे म्हणजे रोस्टर (पाळ्यांचे वेळापत्रक). सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पाळ्या पुढे सरकल्या तर शरीर त्या मानाने सहज जुळवून घेते. नाईट संपताच दुसऱ्याच दिवशी सकाळपाळी लावणे मला कधीच मान्य नव्हते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले आणि २०१९ मध्येही ते वर्गीकरण कायम ठेवले. याचा अर्थ प्रत्येकीला आजार होईल असा मुळीच नाही, परंतु रोस्टर मागताना अधिसेविकांपुढे हे ठामपणे मांडता येते.

प्रतिसाद (अतिदक्षता विभागातील परिचारक):
काळ्या चष्म्याबाबत एक सांगणे आहे. दुचाकीवर डोळे मिटत असतील तर तो लावू नका, किंबहुना गाडीच चालवू नका. वीस मिनिटे रुग्णालयातच डुलकी घ्या, पूर्ण जाग आल्यावर निघा किंवा सरळ रिक्षा करा.