तांब्याच्या रंगाचं बर्मा मेडल: खरं की नकली?

पारोळेकर
राम राम मंडळी. आजीच्या लोखंडी पेटीत वाकळीखाली एक मेडल सापडलं. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला बसलेल्या योद्ध्याला पंखवाली बाई मुकुट घालतेय. वर पट्टी, तिच्यावर इंग्रजीत ‘बर्मा १८८५-७’. रिबनची चिंधी उरलीय, तांबडी, दोन निळ्या पट्ट्यांची. सोनाराने हातात घेतलं आणि लगेच परत दिलं. म्हणे चांदी नाही, भंगार आहे. आजोबा मात्र म्हणायचे, “हाऊ राणीना बिल्ला शे.” आमच्यात कुणी शिपाई होता असं तर ऐकलेलं नाही. नकली असेल का?

साक्रीवाला
भाऊ, ब्रिटिशांची मेडलं चांदीचीच असतात. जुन्या बाजारात ओतीव नकला ढिगाने मिळतात. कुणी दोन पैसे देत असेल तर देऊन मोकळे व्हा.

भुसावळचे नाना
देऊन मोकळे काय व्हा? थांबा जरा!

हे १८५४ सालचं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल. वेगवेगळ्या मोहिमांना तेच मेडल, फक्त वरची पट्टी बदलायची. लढणाऱ्यांना चांदीचं मिळे. पण नेमकं या बर्मा मोहिमेपासून सैन्याबरोबरच्या नोकरांनाही मेडल द्यायला सुरुवात झाली, ते ब्राँझचं. भिस्ती, मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, डोलीवाले, खेचरं हाकणारे. पानिपतापासून आपण ज्यांना बाजारबुणगे म्हणून हिणवत आलो, ती माणसं. म्हणून ‘घरात शिपाई नव्हता’ हे तुमच्या मेडलच्या विरोधात जात नाही, उलट जुळतं.

मोहीम कोणती, तर १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली ती. तिथल्या थिबा राजाला पकडून पुढे रत्नागिरीला ठेवला, त्याचा राजवाडा आपल्यापैकी बरेच जण पाहून आलेत. राजा पंधरवड्यात हाती लागला, पण रानातल्या चकमकी नंतर कितीतरी चालल्या, म्हणून पट्टीवर १८८७ पर्यंतचं साल.

आता भिंगाने कड बघा. नंबर, हुद्दा, नाव, खातं किंवा पलटण तिथे असतं, ठसे मारून किंवा कोरून. तिथली कड खोलगट लागली तर जुनं नाव घासून नवं घातलंय असं समजा. ओतीव नकलेची अक्षरं बोथट असतात आणि अंगावर बारीक छिद्रं दिसतात.

पारोळेकर
नाना, पाहिलं. नावाची सुरुवात झिजलीय. आधी ‘ड्रायव्हर’, शेवटी ‘कमिसॅरियट’सारखं काहीतरी. कड सगळीकडे सारखी लागते. भाचा हसतोय, १८८५ मध्ये ड्रायव्हर कसला?

भुसावळचे नाना
त्याला सांगा, खेचराचा नाहीतर बैलगाडीचा! कमिसॅरियट म्हणजे फौजेचं दाणागोटा आणि वाहतुकीचं खातं. माझ्या मते मेडल अस्सल आहे. चांदीची पुष्कळ मेडलं मोडीत जाऊन वितळली, तुमचं ब्राँझचं म्हणून सोनाराच्या मुशीतून वाचलं.

खानदेशाच्या बाबतीत माझी हाव वेगळीच आहे. १८०३ साली इंग्रजांनी शिंद्यांकडून बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला, त्याची पट्टी आर्मी ऑफ इंडिया मेडलवर असते. पण ते मेडल मंजूर झालं १८५१ मध्ये, आणि तोवर जे जिवंत होते त्यांनाच अर्ज करता आला. अठ्ठेचाळीस वर्षांनी! विशीतला शिपाई सत्तरीला टेकलेला. साहजिकच त्या पट्टीची मेडलं फार थोडी, आणि लिलावातला भाव आपल्या पेन्शनीत न बसणारा.

चाळीसगावची ताई
नाना, ते काळं पडलंय. चिंच-मीठ लावून घासलं तर अक्षरं नीट वाचता येतील का?

भुसावळचे नाना
ताई, अजिबात नको. अक्षरं होती तेवढीही जातील. पारोळेकर, बॅटरीचा उजेड आडवा टाकून फोटो काढा, झिजलेलं नाव त्यात उमटेल. रिबनची चिंधी फेकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि परदेशातून कुणी मागणी केली तर पोस्टात टाकू नका. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. फोटो इथेच टाका, नाव वाचायचा प्रयत्न करू.