शिबिरात खोलीची ताई व्हायचं असेल तर
बारावीनंतर पाचगणीच्या मुलांच्या शिबिरात एका खोलीची ताई म्हणून, म्हणजे त्या खोलीतल्या मुलींना सांभाळायला, जावं का, असं एकीनं विचारलंय. जरूर जा! खेळ-गाण्यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, पण खरा कस लागतो तो दिवे मालवल्यावर. दिवसभर हुंदडलेल्या पोरी अंथरुणाला पाठ टेकली की घरची आठवण काढतात. एक मुसमुसायला लागली की शेजारचीचेही डोळे भरतात. तेव्हा ‘रडू नको’ म्हणू नका, नुसतं जवळ बसा. सकाळी तिलाच काहीतरी काम सोपवा, पाण्याच्या बाटल्या मोजायचं किंवा चपला रांगेत लावायचं. साताऱ्यातल्या आमच्या शिबिरांत हे हमखास लागू पडायचं.

पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, उन्हाळ्यातही पहाटे गारठा असतो. जास्तीच्या चादरी मागून घ्या. अंथरूण ओलं झालं तर गाजावाजा न करता बदलायलाही त्या लागतात. औषधं, ॲलर्जी पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

आणि आयोजकांना स्पष्ट विचारा, रात्री खोलीत दोन मोठी माणसं असतात ना? एखादीनं काही वावगं घडल्याचं सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं असं काही कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाईनचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा. या प्रश्नांवर आयोजकांचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं शिबिर शोधा.