आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी घ्यावी की ठेकेदाराकडे रुजू व्हावे?

येवल्याचा_टर्नर:
मी यंदा आयटीआयमधून टर्नर (लेथ मशीनवरील कारागीर) ट्रेडचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून सध्या नाशिकच्या अंबडला मित्राच्या खोलीवर राहतो. अंबडमधील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत सीएनसी (संगणक-नियंत्रित मशीन) ऑपरेटरचे काम मिळत आहे आणि ओव्हरटाइम धरून महिन्याला साडेचौदा हजार हाती पडतील, असे सांगण्यात आले आहे. दुसरीकडे सातपूरच्या एका कंपनीने वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीसाठी बोलावले आहे, मात्र तेथे विद्यावेतन आठ हजार आहे. घरी दीड एकर कांदा आहे आणि या वर्षी बाजारभावाने पार निराशा केली, त्यामुळे थोडेफार पैसे घरी पाठवणे भाग आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_सेटर:
रकमेची तुलना करण्याआधी दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा : मशीनचे सेटिंग कोण करतो आणि ते मला शिकवणार का? ठेकेदाराकडच्या ऑपरेटरचे काम बहुतेक वेळा चकमध्ये (मशीनच्या पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावणे, सायकल स्टार्टचे बटण दाबणे, जॉब काढून गो-नोगो गेजने (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच दाखवणाऱ्या साधनाने) तपासणे आणि पुन्हा तेच करणे, एवढ्यावरच थांबते. टूल झिजल्यावर ऑफसेट (मापातली दुरुस्ती) किती द्यायचा, हे तो सेटरला हाक मारून विचारतो. माझ्या हाताखाली पाच-पाच वर्षे बटण दाबणारी हुशार मुले होती. मुलाखतीत मायक्रोमीटर हातात देऊन शाफ्टचा व्यास विचारला, की ती गडबडत, कारण रोजच्या कामात गेज फक्त ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ एवढेच सांगते. दोष मुलांचा नव्हता, त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

सिडकोवासी:
वरील मत पटते, तरीही दुसरी बाजू मांडतो. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो, त्यामुळे त्याला भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही, तसेच 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार, करारात तशी अट नसेल तर, मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. ‘पुढे पर्मनंट करू’ असे तोंडी सांगितले गेले असेल, तर त्यावर विसंबू नका. खोलीभाडे आणि मेसचे पैसे वजा केल्यावर आठ हजारांतून घरी काय पाठवणार, याचा हिशेब आधी कागदावर मांडा.

अनुभवी_मशिनिस्ट:
मी स्वतः या वाटेने गेलेली आहे, म्हणून एक सावधगिरी सांगते. पहिल्या कंपनीत मला ‘अप्रेंटिस’ म्हणून घेतले, पण करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलाच नव्हता, हे सात महिन्यांनी कळले. ते सात महिने कुठेही धरले गेले नाहीत आणि दुसऱ्या कंपनीत मला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली. आपण रुजू होण्याआधीच नोंदणीकृत कराराची प्रत मागा; त्यात आपला ट्रेड टर्नर असाच लिहिलेला आहे का, ते पाहा. नोंदणी असेल, तरच शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. 2019 च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्णांसाठी सात हजारांचे किमान विद्यावेतन ठरवले होते, म्हणजे आपल्याला सांगितलेली रक्कम त्याहून थोडी अधिक आहे. शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइमला थांबवायचे झाल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची (या कायद्याखालील सरकारी अधिकाऱ्याची) परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवा. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातही आयटीआय उत्तीर्णांना शिकाऊ म्हणून घेतात, तेव्हा त्यांच्या जाहिरातीवर लक्ष असू द्यावे.

येवल्याचा_टर्नर:
सर्वांचे आभार. आज सातपूरला जाऊन विचारले. करार पोर्टलवर नोंदवतात आणि पहिले तीन महिने साध्या लेथवर, नंतर सेटरसोबत ठेवतात, असे तेथील सुपरवायझरांनी सांगितले. प्रत मात्र रुजू झाल्यावर मिळेल म्हणाले.

अनुभवी_मशिनिस्ट:
प्रत नंतर मिळणार असेल, तर निदान नोंदणी क्रमांक आधी घ्या आणि पोर्टलवरील आपल्या खात्यात तो करार दिसतो का, हे स्वतः तपासा. करार दिसेपर्यंत ठेकेदाराला नकार कळवू नका.