मदत हवी: शिकवलेल्या अक्षरांपुरत्याच, फुकट छापता येणाऱ्या वाचनपुस्तिका मराठीत कुठे मिळतील?

संध्यावर्ग:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात मी संध्याकाळी समाजमंदिरात पोरांचा अभ्यास घेते. आठ-दहा जण येतात. कापूस वेचणीला आला की निम्मे वावरात. दुसरी-तिसरीतली पोरं, क पासून ज्ञ पर्यंत धडाधड म्हणतात. ‘क कमळाचा’ तोंडपाठ, पण तोच क ‘बकरी’त आला की अडतात.

मला पुस्तिका अशा पाहिजेत: पहिलीत पाच-सात अक्षरं, काना-मात्रा काही नाही. पुढचीत काना. मग एकेक वेलांटी, उकार. जोडाक्षर अगदी शेवटी. न शिकवलेलं अक्षर मध्येच टपकायला नको. इंग्रजीत फोनिक्सच्या (अक्षराच्या आवाजावरून वाचायला शिकवायच्या पद्धतीच्या) नावानं असल्या पुस्तिका नेटवर ढिगानं फुकट आहेत. एस, ए, टी, पी, आय, एन एवढ्या सहा अक्षरांवर सॅट, पिन, टॅप, नॅप करत पोर आख्खं पुस्तक वाचून मोकळं होतं. मराठीत तर हे सोपं पडायला हवं, कारण च-ज वगैरे सोडले तर आपलं अक्षर एकाच आवाजाचं. पण शोधलं की निघतात ते तक्ते, गिरवायचे कागद आणि रंगवायचे हत्ती.

बालभारतीच्या पीडीएफ आहेत माझ्याकडे, पण ती वर्षभराची पाठ्यपुस्तकं. स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी छान आहेत, उतरवूनही घेता येतात. मात्र तिथली पातळी १ म्हणजे सोपे शब्द आणि अडीचशेच्या आत शब्दसंख्या. अक्षरांचा हिशेब त्यात नाही, त्यामुळे पहिल्याच पानावर जोडाक्षर येतं. शिवाय चित्र इतकं बोलकं की पोरगं अक्षराकडे बघतच नाही. ‘बैल चरतो’ लिहिलं होतं, पठ्ठ्यानं वाचलं, ‘ढोर चारा खाते’! अर्थ बरोबर, वाचन शून्य.

रंगीत छपाई परवडत नाही, तालुक्याला जाऊन झेरॉक्स करते. आणखी दोन अडचणी. ‘ि’ लिहायची अक्षराच्या आधी अन् म्हणायची नंतर, हे कसं समजवायचं? आणि आमच्याकडे डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. ळ चं काय करू?

कापूसकोंड्या:
ताई, हव्या त्या क्रमाची तयार मालिका शोधत बसण्यापेक्षा घरीच करा, वाटतं तेवढं अवघड नाही. ग म भ न पासून सुरू करू नका. ती अक्षरं हाताच्या वळणाला बरी, पण त्यांतून शब्द निघतात मन, गगन, नमन, नभ. पोरांना नभाशी काय देणंघेणं? घ र ब स म ग क घ्या. घर, बस, कर, बघ, सरक, मगर. झाली पहिली गोष्ट: ‘मगर बघ. मगर, सरक. मगर, बस कर.’

ए-फोर कागद आडवा धरून आठ चौकोनांच्या घड्या पाडा. मधल्या लांब घडीवर फक्त आतल्या दोन चौकोनांइतका काप द्या आणि दुमडा. आठ पानांची पुस्तिका होते, छपाई एकाच बाजूला, स्टेपलरही नको. कागदावर वरची चार पानं उलटी छापावी लागतात, आधी कोऱ्या कागदावर आकडे टाकून बघा. चित्रं स्टोरीवीव्हरवरचीच घ्या. तिथला मजकूर आणि चित्रं सीसी बाय ४.० या खुल्या परवान्याखाली आहेत, चित्रकाराचं नाव आणि परवाना लिहिला की वापरता येतात, बदलताही येतात.

माजी_मास्तर:
काना झाला की आधी दुसरी वेलांटी घ्या. मामी, काकी, नदी, गादी. ती म्हणायच्या क्रमानंच येते. पहिली वेलांटी बरीच नंतर, आणि तेव्हा बोट अक्षरावर ठेवून वाचायला लावा, वेलांटीवर नाही.

ळ चा बाऊ करू नका. ‘डोळा’ बघून पोरगं ‘डोया’ म्हणालं तर त्यानं वाचलं! ‘आँख’ म्हणालं असतं तर काळजी. फक्त ळ आणि य एकाच पुस्तिकेत आणू नका, नाहीतर लिहिताना घोळ होतो.

संध्यावर्ग:
सर, हे पटलं. माझी तर ळ ऐकायलाच धडपड चालली होती. भाऊ, मगरीची गोष्ट टाईप करून पाहिली, घडीही जमली. दुसऱ्या पुस्तिकेत ल घेतला तर तो हिंदी वळणाचा उमटतो, पोरं ओळखत नाहीत.

कापूसकोंड्या:
टंक (फॉन्ट) बदला. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फुकट आहे. नाहीतर लिब्रे ऑफिस या टायपिंगच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा, बऱ्याच टंकांत ल आणि श तेवढ्यानंच सुधारतात.

संध्यावर्ग:
करून बघते. पहिल्या तीन पुस्तिका झाल्या की पीडीएफ इथेच टाकते, कोणाला न शिकवलेलं अक्षर दिसलं तर सांगा. आणि मगरीचं साधं रेघांचं चित्र कोणी काढून देईल का? मला मिळालेली रंगीत आहे, झेरॉक्समध्ये नुसता काळा डाग येतो.