विक्रीआधी नंबरांचं बघा

या चर्चेत वर बऱ्याच जणांनी 'इंजिन आणि फ्रेमचा नंबर एकच नाही, म्हणजे गाडी जोडाजोडीची' असं म्हणून तुम्ही विकायला काढलेल्या बीएसए गोल्ड स्टार कॅटलिनाची, म्हणजे बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या स्क्रॅम्बलर (कच्च्या वाटेवरच्या शर्यतीच्या) मोटरसायकलची, किंमत पाडली आहे. हे पटलं नाही. त्या काळात बीएसए दोन्हींवर वेगवेगळे नंबर मारायची. इंजिनावर डीबीडी३४जीएस आणि फ्रेमवर सीबी३२ असेल तर उलट बरंच. ही जोडी कारखान्यातून एकत्र बाहेर पडली का, एवढाच प्रश्न. जुन्या डिस्पॅच नोंदी (कारखान्यातून गाड्या रवाना केल्याच्या) इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. तिथून दाखला काढा आणि मगच भाव बोला.

गोल्ड स्टारच्या क्लबमन (पक्क्या रस्त्यावरच्या शर्यतीच्या) गाड्या जास्त मिरवल्या जातात, म्हणून कित्येक स्क्रॅम्बलरना खाली वाकलेले हँडल आणि अमल कंपनीचा जीपी कार्ब्युरेटर बसवून 'क्लबमन' केलं गेलं. तुमची गाडी तशी बदललेली नाही, हे जाहिरातीत आधी लिहा. कॅलिफोर्नियातल्या कॅटलिना बेटावरची १९५६ची शर्यत चक मिनर्टने बीएसएवर जिंकली, नाव तिथलंच. अमेरिकेतलं गिऱ्हाईक त्यावर भाळतं.

क्रोम नवं केलंय ते ठीक, पण रिस्टोरेशनआधीचे फोटो आणि काढलेले जुने भाग विकणाऱ्याने फेकू नयेत. जाणकार आधी तेच मागतो.