एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीचे उष्टावण केव्हा करावे?

कृष्णाकाठ :
माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. जन्माचे वजन १४०० ग्रॅम होते आणि पहिले पाच आठवडे ती काचेच्या पेटीत होती. आज ती २२ आठवड्यांची, म्हणजे पाच महिने पूर्ण झालेली आहे. वजन पावणेपाच किलो. आहार केवळ माझे दूध, त्याशिवाय लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करतात म्हणून सासूबाईंनी पुढच्या महिन्यातला, म्हणजे सातव्या महिन्यातला, मुहूर्त पाहून माझ्या भावाला कळवूनही टाकले आहे. डॉक्टरांनी मागच्या खेपेस ‘सहा महिन्यांनी वरचे सुरू करा’ एवढेच सांगितले. बाहेर रांग होती आणि कोणते सहा महिने, हे विचारायचे मला तेव्हा सुचले नाही. ज्यांची बाळे अपुऱ्या दिवसांची होती, त्यांनी कोणत्या तारखेपासून मोजले?

मुगाची_डाळ :
माझा मुलगा एकोणतिसाव्या आठवड्यातला, आता तीन वर्षांचा आहे. आम्हाला घरी सोडताना दोन वये मोजायला शिकवले होते. पूर्ण दिवसांच्या गर्भारपणाच्या चाळीस आठवड्यांतून तुमचे ३१ वजा केले की ९ उरतात. तेवढे आठवडे आजच्या वयातून काढले की सुधारित वय येते. तुमची मुलगी त्या हिशेबाने १३ आठवड्यांची, म्हणजे तीन महिन्यांची आहे. मान धरणे, पालथे पडणे, बसणे हे सगळे याच वयाने पाहायचे. लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या असतात, आणि आमच्या घरी नेमका इथेच घोळ झाला : ‘लस वेळेवर, मग खाणे उशिरा का’ हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी महिनाभर विचारला.

आम्ही सुधारित सहा महिन्यांना सुरुवात केली, तरी ती सोपी गेली नाही. त्याच्या गालावर कित्येक आठवडे नळीची चिकटपट्टी होती. चमचा ओठांजवळ आला की तो तोंड घट्ट मिटून मान फिरवत असे. शेवटी आठ दिवस काहीच न भरवता रिकामा चमचा त्याच्या हातात खेळायला दिला, आणि एके दिवशी त्याने तो आपणहून तोंडात घातला.

निवृत्त_परिचारिका :
मी नवजात शिशू अतिदक्षता विभागात बरीच वर्षे काम केले आहे. तरीही अंतिम निर्णय बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

या प्रश्नावर आपल्याकडेच झालेला एक चांगला अभ्यास २०१७ साली ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिल्लीत ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या ४०३ बाळांचे दोन गट करून एका गटाला सुधारित चार महिन्यांना आणि दुसऱ्याला सुधारित सहा महिन्यांना पूरक आहार सुरू केला गेला. सुधारित वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांच्या वजनात फरक दिसला नाही. मात्र लवकर सुरू केलेल्या गटातील बाळांना जुलाब आणि छातीच्या संसर्गामुळे रुग्णालयात अधिक वेळा दाखल करावे लागले. ‘वजन कमी आहे, लवकर भरवा’ हा घरोघरचा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. डाळीच्या वरच्या पाण्यात त्याच्या आसपासही काही नसते, पण इवले पोट मात्र त्याने भरते आणि बाळ तेवढे दूध कमी पिते.

तारखेइतकीच बाळाची तयारी महत्त्वाची आहे. आधार देऊन बसवले असता मान स्थिर राहावी आणि तोंडात घातलेला घास जिभेने सतत बाहेर ढकलला जाऊ नये. घास घेताना बाळ वारंवार खोकत असेल, गुदमरत असेल किंवा ओठ निळसर होत असतील, तर भरवणे थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

सुरुवात भाजलेल्या तांदळाच्या आणि मूगडाळीच्या खिमटाने करावी, वर थोडे तूप घालावे. चमचा तिरका केला तर ओघळणार नाही इतके ते घट्टसर हवे. मीठ आणि साखर नको. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनही नाही. लोहाचे थेंब खाणे सुरू झाले म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण लोहाचा बहुतेक साठा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होतो आणि या बाळांना तो काळ पुरता मिळालेलाच नसतो.

लीड्सची_सुलू :
माझी जुळी इकडे ब्रिटनमध्ये तेहतिसाव्या आठवड्यात झाली. इथे आम्हाला जन्मतारखेपासून पाच ते आठ महिन्यांच्या दरम्यान, बाळाची लक्षणे पाहून सुरू करा, असे सांगण्यात आले होते. आम्ही साडेसहा महिन्यांना, म्हणजे सुधारित पाच महिन्यांच्या सुमारास, सुरू केले आणि काही त्रास झाला नाही. सरसकट सुधारित सहा महिने थांबायला हवे, असे मला वाटत नाही.

निवृत्त_परिचारिका :
सुलूताई, दोन्ही सल्ल्यांत बाळाची तयारी पाहणे समानच आहे. पण पाणी, हात-भांड्यांची स्वच्छता आणि जुलाबाचे प्रमाण हे सगळीकडे सारखे नसते, आणि दिल्लीच्या अभ्यासातला तोटा संसर्गाचाच होता. म्हणून इथल्या आईला मी थांबण्याकडेच झुकता सल्ला देईन. सुधारित सहा महिन्यांच्या पुढे मात्र लांबवू नये.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दिनदर्शिका घेऊन सासूबाईंच्या शेजारी बसले. सुधारित सहा महिने म्हणजे २६ आठवडे, त्यात आमचे ९ मिळवले की ३५ होतात. म्हणजे आठ महिने पूर्ण होऊन नववा लागतो. त्यांनी बोटांवर दोनदा मोजले आणि म्हणाल्या, “नववाही विषमच की.” मुहूर्त पुढे गेला आहे. भावाचे तिकीट मात्र आधीच काढलेले असल्यामुळे तो पुढच्या महिन्यात येणारच; त्या दिवशी त्याने भाचीला चांदीच्या बोंडल्याने माझेच काढलेले दूध पाजावे, असे ठरले. सोमवारी तपासणी आहे. दोन्ही वये कागदावर लिहून नेणार आहे.